दाराजवळची खुर्ची

रुक्माक्कांवर लिहायचं बरीच वर्षं मनात होतं, पण लिहायला बसलं की हात मागे यायचा. त्यांची गोष्ट सांगायची तर भाग्याची सांगावी लागते, आणि भाग्याची गोष्ट तिला न विचारता सांगणं हाच तर रुक्माक्कांच्या जिवाला लागलेला घोर होता. शेवटी मी भाग्याला विचारलं. बऱ्याच दिवसांनी ती म्हणाली, "लिहा. पण माझं नाव बदला, रिबिनीचा रंग बदला, आणि मधल्या वर्षांचं काही लिहू नका. अक्कांना फार वाईट करू नका." मग जरा थांबून, "फार चांगलंही नको."

तेव्हा या अटी पाळून लिहिते आहे. तरीही लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतंय, ते वाटतंयच.

मी म्हैसूरला आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. त्याची कंपनी हूटगळ्ळीला. तेव्हा तिथे घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त आणि प्लॉटांपेक्षा धूळ जास्त. माझ्याकडे समाजकार्याची पदवी होती आणि ती कुठेतरी वापरून दाखवायची खुमखुमी. जयलक्ष्मीपुरममध्ये एका भाड्याच्या बंगल्यात एक लहानशी संस्था होती. मुलींची वसतिगृहं, निराधार मुलांची आश्रयगृहं, घरून पळालेली पोरं स्टेशनवर उतरली की त्यांना गाठणारी केंद्रं, अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना तिथे तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळे. शेवटी सर्टिफिकेट. ते असल्याशिवाय वॉर्डनची नोकरी पक्की होत नसे. हे प्रशिक्षण रुक्माक्का घ्यायच्या आणि त्यांना मदतनीस हवी होती.

मी माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत स्वतःची ओळख करून दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "मराठी की तू? मग एवढं इंग्लिश कशाला गं? घशात अडकेल." नाशिकची आहे म्हटल्यावर त्या दिवसापासून माझं नाव 'नाशिक' पडलं, ते शेवटपर्यंत.

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला खांद्यावर मोठी पिन. घराणं शिंप्यांचं, किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलं ते त्यांच्या वडिलांनाही सांगता येत नसे. घरी मराठी, पण त्यात कन्नडचा सढळ हात. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर "माप जुळलं नाही" एवढंच म्हणत. एकादशीला कपाळावर बुक्का लावून यायच्या, आणि संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसायच्या. आवाज असा, की विठ्ठलानं कमरेवरचे हात काढून कानांवर ठेवावेत. मी तसं एकदा बोलून दाखवलं, तर हसून म्हणाल्या, "तो सुम्ने ऐकतो की. तेच तर शिक त्याच्याकडून."

'सुम्ने' हा त्यांचा लाडका शब्द. कन्नडमध्ये त्याचा अर्थ उगीच, नुसतं, काही न करता. त्यांचं निम्मं प्रशिक्षण या एका शब्दात होतं. पोर बोलत नाही? सुम्ने बस. रडतंय? सुम्ने बस. खोटं बोलतंय? अगं, मग तर आणखी सुम्ने बस.

गोकुलम भागात योग शिकायला आलेली एक परदेशी मुलगी एकदा पिशवीभर चॉकलेटं घेऊन आली. तिला आश्रयगृहातल्या मुलांना मिठी मारायची होती आणि फोटो काढायचे होते. मी तिला वाटेला लावणार होते. अक्कांनी चॉकलेटं काढून घेतली, कॅमेरा काढून घेतला आणि कुणाशीच न बोलणाऱ्या एका पोराशेजारी तिला पायरीवर बसवलं. ती बिचारी दुपारभर बसली. भाषा येत नव्हती, त्यामुळे तिला काही विचारताही येईना. उन्हं कलली तेव्हा तो पोरगा तिला चिंचेचा आकडा सोलून देत होता. "बघ," अक्का मला म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांत हीच पास."

त्यांची प्रशिक्षणाची खोली मोठी नव्हती. भिंतीवर तक्ते नाहीत, फळा नाही. दोन खुर्च्या मधोमध समोरासमोर आणि बाकी सगळे सतरंजीवर. त्या दोनांतली दाराजवळची खुर्ची पोराची. हा नियम कधी मोडला नाही. पोर आणि दार यांच्यामध्ये मोठ्या माणसानं बसायचं नाही. पोराला उठून जावंसं वाटलं तर जाता आलं पाहिजे, आणि गेलं तर मागे धावायचं नाही. दार उघडं ठेवायचं. "शिंप्याच्या घरची आहे मी," त्या म्हणायच्या. "माप घेताना माणसाला त्याचं त्याला उभं राहू द्यावं लागतं. आपल्याला हवं तसं वाकवलं, तर कपडा आपल्या मनाचा होतो, त्याच्या अंगाचा नाही."

दाराजवळच्या खुर्चीवर अक्का स्वतः बसायच्या आणि पोर व्हायच्या. समोरच्या खुर्चीवर एकेक प्रशिक्षणार्थी. सगळं कन्नडमध्ये चालायचं. मी इथे मराठीत सांगते आहे. पन्नाशीची बाई बघता बघता अकरा-बारा वर्षांची व्हायची. एकदा एक गृहस्थ समोर बसले, कुठल्याशा वसतिगृहाचे अधीक्षक, खिशाला पेन, स्वरात हुकूम. नाव काय, बाप काय करतो, का पळालास, खरं सांग. अक्का चोरी करून पळालेला पोरगा झाल्या होत्या. थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरली आणि मग मान वर करून विचारलं, "तुमचा बाप काय करायचा सार? तुम्हाला मारायचा? कशानं?" गृहस्थांचा चेहरा पडला. अक्का पटकन परत अक्का झाल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "बघा, आपल्याला एवढं लागतं." ते अधीक्षक पुढे दरवर्षी त्यांना दसऱ्याला फुलं पाठवायचे.

आणि त्यांचं आणखी एक वाक्य मी कधी विसरणार नाही. "पोराची माफी मागायची वेळ आली तर मागा. पण रडत मागू नका. तुम्ही रडलात की त्या पोरालाच तुमचे डोळे पुसायचं काम लागतं."

तिसऱ्या दिवशी शेवटचं सत्र 'पुट्टी'चं. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी, चिमुरडी. अक्का तरुणपणी एका मुलींच्या गृहात नोकरीला होत्या, तिथली ही खरी मुलगी. खरं नाव त्या सांगत नसत. तिचा मामा मिठाईचा पुडा आणि सहीशिक्क्याचे कागद घेऊन तिला न्यायला आला. कायद्यानं मुलीला विचारायला हवं होतं, म्हणून अक्कांनी विचारलं. पण मामाच्या समोरच विचारलं, "जातेस का घरी?" पुट्टी हसली, "हूं" म्हणाली. आणि "हूं" म्हणता म्हणता वेणीच्या रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. अक्कांना वाटलं, लाजतेय. त्यांनी तिला जाऊ दिलं. पुढे चौकशीला गेल्या तर मामाच्या घराला कुलूप. पुट्टी परत कधी दिसली नाही.

हे सगळं अक्का खुर्चीत बसून करून दाखवायच्या. हसायच्या, "हूं" म्हणायच्या आणि रिबीन बोटाला गुंडाळायच्या. मग हात वर करून ते पांढरं बोट सगळ्यांना दाखवायच्या. "तोंडाकडे बघू नका. बोटाकडे बघा. मी बघितलं नाही." खोलीत हुंदके फुटायचे. दणकट वॉर्डन बायका पदरानं डोळे पुसायच्या. ते सत्र इतकं गाजलं, की दुसऱ्या गावच्या संस्था खास त्यासाठी बोलवायच्या. रिबीन मीच आणलेली होती. दुकानात लाल होती, लाल आणली. एवढा विचार कोण करतं.

भाग्या बॅचमध्ये आली तेव्हा तिच्याकडे माझं विशेष लक्ष गेलं नव्हतं. हूटगळ्ळीच्या एका नव्या वसतिगृहात ती मदतनीस होती, वॉर्डन व्हायचं होतं. बारीक अंगाची, तिशीच्या आतली, दोन दिवस खाली मान घालून बसलेली. अक्कांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कसं? मधे सगळं एक बालपण संपून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुट्टीचं सत्र सुरू झालं. अक्का हसल्या. "हूं" म्हणाल्या. रिबीन गुंडाळली, हात वर केला. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, अगदी साधा, रस्ता विचारावा तसा.

"माझी निळी होती. तुम्ही लाल का घेता?"

कुणाला काही कळलं नाही. मला तर वाटलं, मध्येच काय फालतू प्रश्न. पण अक्कांचा हात वरच्यावर राहिला.

भाग्या उभी राहिली होती. "आणि मी 'हूं' म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "हसलेही नव्हते. मी काहीच बोलले नव्हते. तुम्ही जरा वेळ थांबलात, मग मामाकडे बघून तुम्हीच म्हणालात, 'आयतु, तयार आहे ती.'"

आयतु म्हणजे झालं, ठरलं. अक्कांच्या तोंडी दिवसभर असायचा तो शब्द.

रुक्माक्का खुर्चीतून उठल्या. रिबीन बोटावरच होती, आता खरंच बोट पांढरं पडलं होतं. ती सोडायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि मी बघितलं, त्यांनी ते कसे परत आत ओढले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या. कोरड्या आवाजात.

"तुम्ही पुढे काय झालं ते मला विचारणार आहात," भाग्या म्हणाली. "ते मी सांगणार नाही. सांगितलं, तर पुढच्या बॅचला तेही करून दाखवाल." तिनं पिशवी उचलली आणि ती दारातून निघून गेली.

कुणी मागे धावलं नाही. आम्हीच तसं शिकवलं होतं. दार उघडं ठेवून सगळे बसून राहिलो. ती आली नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर अक्का सतरंजीवर बसल्या, भिंतीला टेकून. खुर्चीवर बसेनात. मी कॉफी आणून दिली, तिच्यावर साय धरली तरी हात लावला नाही. "नाशिक," म्हणाल्या, "मला वाटायचं मी माझं पाप कबूल करतेय. सगळ्यांसमोर, दर वेळी. मी तर अर्धं तिच्यावर ढकलत होते गं. तिच्या तोंडी 'हूं' घालून."

"तुम्हाला तसंच आठवत असेल," मी म्हटलं.

"आठवत होतंच. तेच तर. सोयीचं तेवढं आठवलं." मग बऱ्याच वेळानं, "आणि लोक रडले की मला बरं वाटायचं. तेही सांगून टाकते."

मला त्यांचा राग आला होता, आणि माझाही. किती वेळा मी कोपऱ्यात उभी राहून त्या हुंदक्यांची वाट बघितली होती. सत्र रंगलं, की आमच्या दोघींची कॉफी गोड लागायची.

खरी अडचण वेगळीच होती. भाग्याचा तिसरा दिवस अपुरा राहिला होता. सर्टिफिकेट नाही, तर वॉर्डनची जागा नाही. म्हणजे एकदा जिला परक्या हाती देऊन टाकलं, तिची भाकरीही आता आमच्याचमुळे जाणार. अक्कांनी सर्टिफिकेटवर सही केली आणि मला द्यायला पाठवलं. भाग्यानं ते वाचलं, पुन्हा तशीच घडी घालून परत केलं. "मी तिसरा दिवस केलेला नाही," म्हणाली. तिच्या मागे दोन छोट्या मुली दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत होत्या. तिनं मला आत बोलावलं नाही.

मग मी अक्कांच्या मागे लागले, तुम्ही स्वतः जा, बोला. एका सकाळी त्या तयार झाल्या. आम्ही बसनं हूटगळ्ळीला गेलो. वाटभर त्या पदराची पिन काढत होत्या, लावत होत्या. वसतिगृहाच्या स्टॉपवर उतरलो, समोर गेट दिसत होतं. अक्का तिथेच थांबल्या.

"चला की," मी म्हटलं.

"कशाला?"

"माफी मागायला. मन हलकं होईल."

"कुणाचं?" त्यांनी विचारलं. "माझंच ना? माझं ओझं घेऊन मी तिच्या दारात जाऊ, आणि तिनं बाकीच्या पोरींसमोर मला बस म्हणावं, पाणी द्यावं, 'असू दे अक्का' म्हणावं? बेडा गं. नको. ती उठून गेली आहे. मागे धावायचं नाही." समोरून परतीची बस आली, त्यात त्या चढल्या. मी चिडले होते. मला वाटलं, हा हट्ट आहे, नियमाच्या आड लपणं आहे. अजूनही कधी कधी वाटतं.

पुढची बॅच बसली. पहिले दोन दिवस अक्कांनी कसेबसे रेटले. पोर व्हायला गेल्या की मध्येच थबकायच्या, हे कुणाचं आहे, असं स्वतःलाच विचारल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात भाग्या उभी होती. पिशवी खांद्याला, चेहऱ्यावर काही नाही. "अर्धा दिवस राहिला होता," म्हणाली आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

शेवटच्या सत्राची वेळ झाली. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. पुट्टीच्या सत्राची कीर्ती ऐकून आलेल्या बायका सरसावून बसल्या. अक्का खुर्चीकडे गेल्या नाहीत. त्या सतरंजीवरून वाट काढत मागे गेल्या आणि भाग्याच्या समोर, जरा अंतर ठेवून, खाली बसल्या. दार भाग्याच्या बाजूला राहील असं बघून बसल्या.

"शेवटचं सत्र आहे," त्या म्हणाल्या. "पुट्टीचं. या वेळी मी पुट्टी होणार नाही. त्या दिवशीची मी होईन. जे म्हणाले, तेवढंच म्हणेन. करू का?"

भाग्या काही बोलली नाही.

अक्का थांबल्या. खोली थांबली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. कुणीतरी खोकलं. एका बाईनं मला खुणेनं विचारलं, काय चाललंय? मला वाटत होतं, आता काहीतरी बोलावं, विषय बदलावा, कॉफी आली म्हणावं. ओठांवर आलं होतं माझ्या. भाग्या पिशवीच्या बंदाकडे बघत होती आणि अक्का तिच्याकडे, पण रोखून नाही. सुम्ने. पाय अवघडले असणार त्यांचे, गुडघ्यांचा त्रास होता, हलल्या नाहीत. एवढी मोठी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती, आणि तीत अक्कांना किती वर्षांपूर्वीचं एक वाक्य गिळून बसावं लागत होतं, ते मला दिसत होतं.

"बेडा," भाग्या म्हणाली.

नको.

"सरी. बरं," रुक्माक्का म्हणाल्या. हाताचा टेका घेऊन उठल्या, पुढे आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "शेवटचं सत्र होणार नाही. तिसरा दिवस संपला." कुणीतरी कुरकुरलं, एवढ्या लांबून आलो आम्ही. अक्कांनी खुलासा केला नाही. भाग्यानं सर्टिफिकेट घेतलं, सही नीट बघितली आणि ती गेली. पुट्टी त्यानंतर कधीच झाली नाही. दुसऱ्या गावांची बोलावणी हळूहळू बंद झाली. रिबीन मी फेकून दिली, तर अक्कांनी कचऱ्यातून उचलून आणली आणि स्वतःच्या कपाटात, रोज दिसेल अशी ठेवली.

भाग्या वॉर्डन झाली. नव्या मदतनीस ती आमच्याकडेच प्रशिक्षणाला पाठवायची. स्वतः यायची नाही. माफ केलं का, असं मी तिला एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा विचारलं नाही.

अक्कांना मी शेवटचं बघितलं ते त्यांच्या भावाच्या घरी. आजार वाढला होता. रुंद बांध्याची बाई, पण साडी आता बाजेवर वाळत घातल्यासारखी दिसत होती. मी भाग्याला फक्त कळवलं होतं, ये म्हटलं नव्हतं. ती आली. दारातच थबकली. अक्कांनी मानेनं दाराजवळची खुर्ची दाखवली. ती बसली.

आत शिलाईचं यंत्र चालू होतं. मग अक्कांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "कॉफी घेतेस?"

भाग्या गप्प. तेवढ्यात त्यांच्या वहिनी आतून पेला घेऊनच आल्या, वाफाळता, आणि "घे की गं, विचारायचं काय त्यात," म्हणत तिच्या हाती देऊ लागल्या. अक्कांनी पांघरुणातून हात वर काढला. त्या हातात काही उरलं नव्हतं, तरी वहिनी जागच्या जागी थांबल्या.

"थांब," अक्का म्हणाल्या. "तिनं अजून सांगितलं नाही."

वहिनी पेला धरून उभ्या. कॉफीवर साय धरायला लागली. भाग्यानं अक्कांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"हूं," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.